तारांखालचे सहा करकोचे

करकोचा कापताना सगळ्यात जास्त छळतात ते पाय. मान जमते, शेपटीकडचा पिसांचा झुबका जमतो, पण पाय प्लायवूडमध्ये कापले की हातातच मोडतात. म्हणून मी पाय कापलेच नाहीत, सळया ठोकल्या. रस्त्याकडेला पाटी उभी करायला आम्ही वापरतो त्याच. तीस वर्षं पाट्यांच्या दुकानात गेलीत माझी. डॉक्टर, वकील, सलून, ‘कुत्र्यापासून सावध राहा’, गावातली निम्मी अक्षरं माझ्या हातची. सहा करकोचे म्हणजे माझ्यासाठी दोन संध्याकाळींचं काम.

कशाला केले म्हणाल, तर नवऱ्याला फसवायला.

आमचे हे वजनमाप खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, काटा खोटा निघाला की तिथल्या तिथे सील. घरी पण तेच. मी ‘पाच मिनिटांत आले’ म्हणाले की हे दाराशी घड्याळ बघत उभे, आणि मी नवव्या मिनिटाला आले की ‘तू नऊ म्हणायला हवं होतंस’. मी त्यांना साहेब म्हणते. ते मला ‘अगं’ म्हणतात, फार चिडले तर ‘कलाकार’.

मागच्या पावसाळ्यानंतर साहेबांना जिना चढवेना. हृदयातली एक झडप नीट मिटत नाही म्हणे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बरं होतं चित्र, पण रेघ कच्ची. ऑपरेशन करा म्हणाले, उन्हाळ्याच्या आत करा, नाही केलं तर वर्ष, फार तर सव्वा.

“वाचतात किती?” ह्यांनी विचारलं.

“तुमच्या अवस्थेत दहातले सात.”

“म्हणजे किलोमागे तीनशे ग्रॅम कमी,” हे म्हणाले. “असा काटा मी सील करतो.”

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं विनोद. मी नाही हसले. हा माणूस विनोद करत नाही, ते खातं माझ्याकडे.

खरी गोष्ट अशी, की थोरल्या भावजींना, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाला, सहा वर्षांपूर्वी ह्याच ऑपरेशनला आत नेलं होतं. जाताना घड्याळ काढून ह्यांच्या हातात दिलं, म्हणाले, सांभाळ रे तासभर. ते घड्याळ अजून आमच्या कपाटात आहे. ह्यांनी त्यावर एकदाही शब्द काढला नाही, फक्त ऑपरेशनला ‘नाही’ म्हणाले. मी रडून पाहिलं. मुलगी फोनवर रडली. वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, घरी येऊन शिव्या घालून गेल्या, त्या सोसायटीच्या गेटपर्यंत ऐकू गेल्या. साहेबांचं आपलं एकच, नाही.

मग मी पैज लावली.

दर वर्षी थंडी सरली की आम्ही दोघं पाणथळावर करकोचे मोजायला जातो. उत्तरेकडे परत जाताना ते तिथे उतरतात. उतरायचे. बावीस वर्षं ह्यांनी मोजणी केलीय, पक्षीमंडळाच्या वहीत, शाईने. मंडळाचा नियम आहे, ज्याचे पाय जमिनीला लागले तोच पक्षी धरायचा. वरून गेला तो नाही. पहिल्या वर्षी तीनशे बारा होते. आमचं नवीन लग्न, मला वाटलं सगळं आकाशच खाली उतरलंय. पुढे एकशे नव्वद, साठ, सतरा. गेल्या वर्षी दोन, तेही टेकले न टेकले तोच उडाले.

तर एका सकाळी चहा ओतता ओतता मी म्हणाले, “साहेब, ह्या वर्षी एक जरी करकोचा उतरला ना, तर तुम्ही ऑपरेशन करायचं.”

“आणि नाही उतरला तर?”

“तर ह्या विषयावर मी परत तोंड उघडणार नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला. “कधीच?”

“कधीच.”

“लिहून दे.”

दिलं की लिहून! ठळक अक्षरात, भोवती वेलबुट्टीची किनार काढून. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. माझ्या डोक्यात तेव्हाच प्लायवूड कापून झालं होतं. दिलेला शब्द मोडणं ह्यांना जमत नाही, म्हणजे जिंकले की काम फत्ते, एवढंच मला दिसलं. हरले तर काय, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. जन्मभर लोकांच्या खोड्या काढल्या, हरायची सवय कुठून असणार?

हॉस्पिटलने गुरुवारची खाट धरून ठेवली होती. होय की नाही, ते सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं. मोजणीचा दिवस सोमवारच, पहाटेपासून.

शनिवारी मी गुडघा दाखवायला जाते म्हणून घराबाहेर पडले आणि वन्संच्या लॉन्ड्रीच्या गाडीत बसले. मागे इस्त्रीचे कपडे टांगलेले, त्यांच्या खाली माझे सहा करकोचे आडवे. पाणथळ निम्मं सुकलं होतं, उरलेला नुसता चिखल. गाडी कुठे घालावी कळेना. तेवढ्यात खडीचा एक नवाकोरा रस्ता दिसला, थेट मधोमध गेलेला, त्याच्या कडेने लोखंडी मनोरे. कुणीतरी खास आमच्यासाठी करून ठेवल्यासारखा. गेलो तसेच आत.

“वहिनी, दादा ओळखणार,” वन्सं सळई चिखलात खुपसत म्हणाल्या.

“धुक्यात?”

“दादा धुक्यात ग्रॅम ओळखतो.”

“चारशे पावलांवरून ओळखू देत, मग बघू. त्या दोघांच्या माना खाली आहेत ना? ते चरताहेत. जरा लांब लावा.”

“डोक्यावर काय गुणगुणतंय हो?”

मी वर बघितलं. “तारा. नवीन दिसताहेत.” आणि आम्ही परत भांडायला लागलो की तिसऱ्याचं तोंड कुठे करायचं. वन्संचं म्हणणं, नवरा-बायको असतील तर तोंडं एकमेकांकडे नकोत, खरं वाटणार नाही. हसून हसून माझा बूट चिखलात राहिला.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं नेहमीच्या खोलीवर पोचलो. पाणथळाच्या काठावर एका बाईंचं घर आहे, त्या वरची खोली भाड्याने देतात. दोन लोखंडी खाटा, त्यातली एक मधे खचलेली, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं. चौदा पायऱ्या आहेत. साहेब तीनदा थांबले आणि प्रत्येक वेळी भिंतीवरचं काहीतरी बघायला थांबल्यासारखं केलं. भिंतीवर काही नव्हतं.

खोलीवाल्या बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. “ह्या वर्षी कशाला आलात? काही राहिलं नाही इथे. मनोरे उभे केले, खडी टाकली, पाणी पलीकडेच अडलं.”

“तारा ओढल्या का?” ह्यांनी विचारलं.

“ओढल्या की. महिना झाला.”

“तारांवर गोळे लावलेत? लाल, पांढरे, फुटबॉलएवढे?”

“कसले गोळे? काही नाही.”

त्या गेल्यावर मी विचारलं, गोळे कशाला? तर म्हणाले, धुक्यात पक्ष्याला तार दिसत नाही. उतरायला लागला की पाय खाली सोडतो, पंख पसरतो, मग त्याला झटकन वळता येत नाही. गोळे असले तर लांबून कळतं.

माझे सहा बरोबर त्या तारांखाली उभे होते. क्षणभर वाटलं, पहाटे जाऊन हलवावेत, खोटं कशाला बोलू. पण मग म्हटलं, येणार आहे कोण? गेल्या वर्षी दोन होते. पाणी नाही, खायला नाही. खरा करकोचा इथे फिरकणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर सुतारकाम केलं. मी कूस बदलली आणि झोपले.

सकाळी धुकं असं की स्वतःची बोटं मोजून घ्यावीत. काठावर फळ्यांचा एक आडोसा आहे, त्यात बाक आणि दुर्बिणीसाठी चौकोनी भोक. तिथवर जायला आम्हाला एरवी दहा मिनिटं लागायची, त्या दिवशी पस्तीस लागली. साहेबांनी दुर्बीण स्टँडवर चढवली, वही उघडली, तारीख घातली. मग डोळा लावला.

मी थर्मास उघडत होते. हसू फुटू नये म्हणून झाकणाचे आटे मोजत होते.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “सहा.”

“काय सहा?”

“सहा दिसताहेत. चार उभे, दोन चरताहेत.”

“अगं बाई! खरंच?” मी टाळी वाजवली. “साहेब! आले! लिहा, लिहा वहीत!”

“थांब. धुकं विरळ होऊ दे.”

“त्यात विरळ काय व्हायचंय, तुम्हीच म्हणालात सहा.”

त्यांचा डोळा तसाच दुर्बिणीला. मी त्यांना चहा दिला, तो हातात धरून बसले, प्यायले नाहीत. ऊन जरासं वर आलं. माझ्या कारागिरीचा मला गर्वच वाटत होता. लांबून इतके झकास दिसत होते की माझाच विश्वास बसावा.

“अगं,” हे म्हणाले, “डावीकडून तिसरा.”

“हं?”

“त्याच्या पोटावर ‘येथे गाडी लावू’ असं लिहिलंय.”

आता सांगते काय चुकलं. प्लायवूड नवीन नव्हतं, दुकानातल्या जुन्या पाट्या उलट्यासुलट्या करून कापल्या होत्या. तेलरंग मारला असता तर उन्हात चमकला असता, म्हणून मी त्यावर पाण्यातला राखाडी रंग मारला. तेलरंगावर पाण्याचा रंग टिकत नाही, हे मी दुकानात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवते. पण म्हटलं एका सकाळपुरतंच तर आहे. दोन रात्रींचं दव पडलं आणि रंग उतरला.

“पुढचं ‘नये’ शेपटीवर असणार,” ते म्हणाले. “चरणाऱ्यांपैकी एकावर नुसताच बाण आहे.”

मी खाली बघितलं. आणि मग एक आवाज आला, मला आधी वाटलं खोकताहेत. हसत होते. हा माणूस, जो लग्नाच्या फोटोतही हसला नाही, तो बाकावर वाकून हसत होता, एक हात छातीवर, डोळ्यांतून पाणी. “गाडी लावू नये! करकोच्याच्या पोटावर!” मग मी पण सुटले. एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून हसलो. मला वाटलं, जमलं. इतकं हसणारा माणूस मरायचं कशाला म्हणेल?

“कलाकार,” ते डोळे पुसत म्हणाले.

“मग? जाताय ना गुरुवारी?”

“पैज करकोच्यांवर होती. पाट्यांवर नाही.”

“अहो, पण इतकं केलं मी...”

“चांगलं केलंस. मान फार सुरेख जमलीय.” आणि वहीकडे हात नेला.

तेवढ्यात वरून आवाज आला.

ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही ऐकला त्यांना सांगता येणार नाही. लांब, गुरगुरता, फाटलेल्या तुतारीसारखा. मग दुसरा. धुक्याच्या वरच्या थरात सावल्या फिरत होत्या. मी भोकातून डोकंच बाहेर काढलं. एक, दोन, पाच, नऊ, अकरा. अकरा खरे करकोचे गोल घेत होते आणि प्रत्येक गोल आधीच्यापेक्षा खाली.

“बघा!” मी ओरडले. “बघा, उतरताहेत! आता म्हणा! आता म्हणा पाट्या!”

त्यांचा चेहरा बघितला आणि थांबले. ते वर बघतच नव्हते. समोर बघत होते, माझ्या सहांकडे, आणि त्यांच्या डोक्यावर, जिथे मनोऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत धुक्याखेरीज काही दिसत नव्हतं.

“त्यांना बघून उतरताहेत,” ते म्हणाले. “तारांखाली लावलेस?”

“खडी होती तिथे. गाडी जात होती.”

ते उठले. मला धक्का लागून थर्मास पडला. दार ढकलून हे चिखलात उतरले आणि धावायला लागले. ज्या माणसाला चौदा पायऱ्यांना तीन थांबे लागतात तो घोट्याएवढ्या चिखलातून धावत होता. अंगातलं जाकीट काढून डोक्यावर गरगरा फिरवत होता. “हाऽऽ! हुऽऽ! जा! वर जा!”

मी तिथेच उभी राहिले.

का, तेही सांगते, इथवर सांगितलं आहे तर. मी हिशेब करत होते. अकरा आहेत. तारेला किती आपटतील? चार? सहा? दहा जरी मेले तरी एक उतरेल. एकच हवाय. एकाचे पाय चिखलाला लागले की साहेब गुरुवारी जातील, दिलेला शब्द मोडायचे नाहीत ते. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं. एवढं सोपं काम आयुष्यात कधी आलं नव्हतं माझ्याकडे. वरच्यांनी पाय खाली सोडले. मला त्यांचे गुडघे दिसले.

साहेब निम्म्या वाटेत थांबले. गुडघ्यांवर हात टेकून वाकले, मग एका हाताने छाती धरली. हाक मारायला दम उरला नव्हता. त्यांनी फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मदत मागतील. तोंड हललं, आवाज नव्हता, पण मला कळलं. ‘ओरड.’

मी ओरडले. थर्मास उचलला, त्याच्यावर झाकण बडवत पळाले. सगळ्या शिव्या दिल्या मला येतात त्या, वन्संच्या पण. मी ज्यांच्यासाठी नवस केला असता त्यांच्या दिशेने चिखलाचे गोळे फेकले. पहिला करकोचा तारेच्या इतका जवळ आला की त्याच्या पंखांची फडफड मला ऐकू आली, आणि मग तो कसाबसा वर उचलला गेला. त्याच्यामागे बाकीचे. एक फेरी मारली, रागावल्यासारखे ओरडले आणि उत्तरेला गेले. धुकं परत मिटलं. अकराच्या अकरा गेले.

मी साहेबांपाशी पोचले तेव्हा ते चिखलात बसले होते, ओठ निळसर, पण शुद्धीत. मी त्यांच्या जिभेखाली गोळी ठेवली, पाठीला टेकू देऊन बसले. पाव तासाने त्यांना बोलता आलं.

“आपटला कुणी?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की. अकरा आले, अकरा गेले.” मग मी सुरू केलं. “साहेब, त्यातल्या एकाचा पाय लागला. मी बघितलं. त्या मागच्या डबक्यात, नख लागलं, पाणी हललं.”

“नाही लागलं.”

“तुम्ही खाली बघत होतात!”

“मी त्यांच्याकडेच बघत होतो.” त्यांनी माझ्या गालावरचा चिखल अंगठ्याने पुसला. “शून्य आहे.”

उठून आडोशाशी यायला आम्हाला तास लागला. वहीत त्यांनी शून्य काढलं, त्याच्या पुढे कंसात काही नाही, शेरा नाही. मग घड्याळ बघितलं. साडेअकरा.

“हॉस्पिटलला कळवायचंय,” ते म्हणाले.

“मी करते फोन.” माझा हात आधीच पिशवीत. बायकांचे, पुरुषांचे, कुठल्याही ऑफिसातले आवाज मला काढता येतात. पुरुषी आवाज काढून ‘हो, गुरुवारी येतोय’ म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं नसतं.

“दे इकडे,” ते म्हणाले. “तुझ्यावर भरवसा नाही.” हे बोलताना ते हसले, आणि ते हसू फार वाईट होतं, कारण ते खरं होतं.

त्यांनी नंबर लावला. पलीकडून, कृपया थांबा, आणि मग वाद्यांची एक तीच तीच धून. मी मनात म्हणत होते, कट हो, कट हो. बारा वाजू देत. रेंज जाऊ दे. ह्यांनी फोन कानाला धरून आठ मिनिटं शांतपणे वाट पाहिली, नकार द्यायला.

मग कुणीतरी मुलगी बोलली. ह्यांनी पेशंट नंबर सांगितला, दोनदा, एकेक आकडा सुटा करून. “नाही, गुरुवारी येत नाही... नाही, पुढचीही तारीख नको... ती खाट आजच कुणाला तरी देऊन टाका, कुणी वाट बघत असेल.”

मी तोंड उघडलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

पलीकडची मुलगी बहुतेक परत परत विचारत होती, नक्की का म्हणून. कारण ह्यांनी तीन वेळा ‘हो’ म्हटलं. तिला निदान विचारायची मुभा होती.